खिडकीची काठी

—नाही नाही, तिला नका आत बोलावू, मॅडम. बसू दे बाहेर पायरीवर. सकाळपासून बसलीये, आणखी अर्धा तास बसली तर झिजणार नाही ती. तुम्ही बसा ना. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे, ही घ्या — ही अध्यक्षांची. पण अध्यक्ष आहेत कुठे आज? बरोब्बर तपासणीच्या दिवशी त्यांच्या पोटात दुखतं. नेहमीचंच आहे. मग निस्तरणार कोण? लेखनिक निस्तरणार. वन समितीचा लेखनिक म्हणजे मी — नावाला लेखनिक, कामाला सगळंच. दप्तर माझं, नकाशे माझे, झाडांच्या मोजणीची वही माझी, चहासुद्धा माझ्याच हातचा. घ्या, गरम आहे तोवर घ्या. आणि जाताना चौकट सांभाळा हं, बुटकी आहे. तुम्हाला नाही लागायची म्हणा, मलाच लागते, रोज एकदा तरी. गावात मला बांबू म्हणतात, आला असेल तुमच्या कानावर. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठीमागे म्हणतात ते चांगलं मोठ्याने म्हणतात.

तर घोडं कुठे अडलंय ते सांगतो, सरळ सांगतो, माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्ही या विषयातल्याच, तुम्हाला काय सांगायचं, पण आमच्या बाजूने एकदा ऐका. जंगल आम्ही राखायचं, तोडायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. तिकडच्या कारखान्यांचा कार्बन इकडची झाडं पोटात घेतात, आणि त्याबद्दल तिकडच्या कंपन्या गावाला पैसे देतात. आता झाडाने किती पोटात घेतलं हे झाडाला तर विचारता येत नाही — म्हणून बुंध्याला टेप लावायची. बुंधा जितका जाडला तितका कार्बन. दर पाच वर्षांनी मोजायचं. पहिली मोजणी मी केली, या हातांनी, दोन गडी बरोबर घेऊन. दुसरी झाली यंदा, ती ओढ्यापलीकडच्या चार बायकांनी केली. आणि दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर झाडं अशी फुगलेली दिसतात — हसू नका — तुमच्याच कचेरीतून पत्र आलं ना, 'अशी वाढ कुठल्याही झाडाला शक्य नाही' म्हणून. मी सभेत वाचून दाखवलं. एक म्हातारा उठून म्हणतो, आमची राखण चांगली, जंगलाच्या अंगी लागलंय! असली आमची माणसं. तर दोनांपैकी एक मोजणी चुकली. कुठली चुकली ते ठरवायला तुम्ही आलात. आणि मी सकाळपासून तेच सांगतोय — दुसरी.

का म्हणजे? साधं आहे. बुंधा मोजायचा कुठे? छातीच्या उंचीवर. नियमच आहे तसा. आता त्या बायका बघितल्यात ना तुम्ही? ती पायरीवरची बघा — उभी राहिली तरी बसल्यासारखीच दिसते. त्यांना सांगितलं छातीच्या उंचीवर, त्यांनी मोजलं आपापल्या छातीशी. म्हणजे खाली. आणि झाड खाली जाडच असतं, शेंबड्या पोरालाही कळतं. झालं! टेप वीतभर खाली, झाड बसल्या जागी जाड. मी दोष देत नाही हो त्यांना. कोळसा पाडणारी, डिंक गोळा करणारी माणसं, वर्षातले चार महिने रानात पालं टाकून राहतात — त्यांना टेप काय नि वही काय. अध्यक्षांना मी तेव्हाच म्हटलं होतं. पण तुमच्या मागच्या तपासनीसांनी लिहून ठेवलं ना, 'योजनेत वंचित घटकांचा समावेश दिसत नाही.' मग घ्या, करा समावेश! अध्यक्ष म्हणाले, मोजणीचंच काम द्या त्यांना, उतार नि काटे तुडवायचं, आपले लोक तसेही तिकडे जायला कुरकुरतात. असा झाला समावेश. आणि वर भर सभेत कबूल करून बसले — मोजणी नीट पार पडली तर पलीकडची अकराही घरं लाभाच्या यादीत घालू. नीट पार पडली तर. आता नाही पडली, त्याला कोण काय करणार?

हा बघा, कागद मी तयारच ठेवलाय, तुमचा वेळ नको जायला. 'दुसरी मोजणी अप्रशिक्षित व्यक्तींकडून झाल्याने सदोष असून' — सदोष हा शब्द चांगला आहे, कुणाला फार लागत नाही — 'ती रद्द समजावी, समितीने मोजणी पुन्हा करावी आणि लाभार्थी यादी आहे तशी कायम ठेवावी.' खाली तुमची सही. चौघींपैकी तिघींनी चूक कबूल म्हणून अंगठे दिलेत, हे इथे. भांडण नाही, तंटा नाही. चौथी तेवढी — जाऊ द्या तिचं. पुन्हा मोजायला मी स्वतः जातो. हे दोन पाय, ही टेप, पंधरा दिवसांत उरकतो, आणि बघा तुम्ही, दोन्ही वह्या कशा गोडीगुलाबीने जुळतात ते. इथे सही, आणि इथे तारीख—

अरे देवा! लागलं नाही ना? झडप पडली खिडकीची. वरून बिजागरी आहे ना तिला, खालून उचलून धरावी लागते, वारा आला की असं होतं. तार बांधलीये, पण तार ती तारच. आधी नाही पडायची. आधी काठी होती ना टेकण, मस्त बसायची, जणू या खिडकीसाठीच कापलेली, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही — काय? कुठे गेली? गेली असेल कुठेतरी. काठीच ती. नाही, विशेष असं काही नव्हतं. सरळ होती, घासलेली, टोकाला लाल रंग. आली कुठून म्हणजे? आली असेल कशाबरोबर तरी. पहिल्या वर्षी प्रशिक्षणाची पेटी आली होती ना, तीत काय काय होतं, टेप होती, झाडांना ठोकायचे नंबरचे पत्रे होते, होकायंत्र होतं, आणि — तुम्ही लिहिताय काय, मॅडम? खिडकीबद्दल काय लिहायचं एवढं?

बरं. होती. मापाची काठी होती. एक मीटर तीस. झाडाच्या मुळाशी टेकवायची, टोक येईल तिथे टेप लावायची. छातीची उंची म्हणजे ती, कुणाच्या छातीची नव्हे. मला काय माहीत नाही? दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय मी, बिल्ला आहे माझ्याकडे, दाखवू? पण तुम्ही कधी काठी घेऊन रानात फिरला आहात का? काट्यात अडकते, उतारावर पायांत येते. एका हातात टेप, एका हातात वही, मग काठी काय दातात धरू? आणि झाडं किती? दोन हजार! पहिल्या दिवशी चाळीस झाडं काठीने मोजली — खरंच मोजली, हे पण लिहा — आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं, अरे, छाती आहे की आपल्याला! देवाने दिलेली, घरी विसरायची भीती नाही. काठी आणली नि इथे लावली. खिडकी उघडी राहायला लागली, वारा यायला लागला, सगळे खूश. पाच वर्षं खूश होते. मग यंदा त्या चौघी काम समजून घ्यायला आल्या. तिथे दारात उभ्या राहिल्या, आत नाही आल्या, आम्ही या म्हटलंही नाही. मी सांगतोय, छातीच्या उंचीवर मोजायचं, आणि ती पायरीवरची माझ्याकडे बघतच नव्हती, तिची नजर खिडकीवर. आत आली, काठी काढली, झडप पडली धाडकन, आणि गेली. आता मांडीवर आडवी घेऊन बसलीये ना? तीच.

झाडाकडे कशाला बघताय आता? ते एक नंबरचं झाड. कचेरीच्या अंगणातलं म्हणून एक नंबर, पण दारातलं झाड पळून कुठे जातंय, म्हणून मोजलं मात्र सगळ्यांत शेवटी. हो, दोन पट्टे आहेत. टेप जिथे लावली तिथे रंगाचा पट्टा ओढायचा असतो. वरचा पांढरा तो माझा, खालचा तांबडा त्यांचा. मध्ये वीतभर अंतर आहे, मान्य. पण बघा, पाच वर्षांत झाड वाढलं की नाही? झाड वर गेलं, त्याबरोबर माझा पट्टाही वर — नाही. बरोबर आहे तुमचं. झाड शेंड्याला वाढतं. बुंध्याला ठोकलेला खिळा जन्मभर तिथेच असतो. जंगलाच्या कडेला आयुष्य गेलं माझं, मला कळत नाही असं नाही. पण माणूस कोंडीत सापडला की उचलली जीभ लावली टाळ्याला, असं होतं. बसा हो. तुम्ही उभ्या राहिलात की मला भीती वाटते.

समजा — नुसतं समजा हं — माझा पट्टा चुकला. मग काय होतं? पहिली मोजणी चुकली म्हणजे पायाच चुकला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अख्खं जंगल पुन्हा मोजायचं, तोवर गावाला दमडी नाही. शाळेचं छप्पर अर्ध्यावर आलंय, ते तसंच राहणार. दोनशे घरं माझ्या दारात येऊन उभी राहतील, आणि ती काही चहा प्यायला येणार नाहीत. अध्यक्ष काल काय म्हणाले माहितीये? 'बांबू, वही तुझी, अक्षर तुझं, तेव्हा गळाही तुझाच.' आणि त्या बायकांचं चुकलं म्हटलं तर? कुणाचं काय जातं? अकरा घरं यादीत येत नाहीत. ती आधी तरी कुठे होती? जे ताटात कधी पडलंच नाही ते काढून घेतलं असं कसं म्हणणार? तुम्हीच सांगा. चार दिवस मी हेच स्वतःला समजावतोय, आणि समजतं हो, पूर्ण समजतं, जेवायला बसलो की तेवढं विसरायला होतं. चोर सोडून संन्याशाला — तोंडात काय येतं बघा! सोडा.

आणि ही पायरीवरची बया सही करत नाही! अंगठा नाही, हिला सही येते, चांगली वळणदार येते. तिघींनी दिले अंगठे, घाबरून का होईना दिले, हिला निरोप धाडला की तू पण दे, मिटवून टाकू. नुसती मान हलवली म्हणे. हट्टी! पहिल्यापासूनच. दुधाचे दात पडत होते तेव्हापासून, एकदा नाही म्हणाली की आईने चार धपाटे घातले तरी नाही ते नाहीच — कसं माहीत म्हणजे? एका पाण्यावर राहतो आम्ही, माहीत असतं. आईचं कसं माहीत? मॅडम, तुम्ही झाडं तपासायला आलात ना? मग झाडांचं विचारा.

आमची आई. तिची नि माझी. धाकटी बहीण आहे ती माझी. झालं समाधान? बघताय काय अशा? एका पोटचे आहोत, खरंच. बाबा म्हणायचे, उंची सगळी थोरल्यालाच वाढून टाकली, तळाशी खरवडून निघाली ती हिच्या वाट्याला. अठरा वर्षं झाली. पलीकडच्या कोळसेवाल्याचा हात धरून गेली. गेली म्हणजे किती लांब? या पायरीवरून तिच्या चुलीचा धूर दिसतो. पण गेली. आई रोज म्हणायची, तिला एकदा घेऊन ये रे. मी म्हटलं, ओढा ओलांडायचा नाही कुणी, तिने नाही नि आपण नाही. आईला शेवटची उचलली तेव्हा ती आली होती. ओढ्याच्या त्या काठापर्यंत आली, आणि उभी राहिली. कुणी हाक मारतंय का बघत. मला दिसली. मी सगळ्यांत उंच ना, मला सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसतं. मी कुणाला सांगितलं नाही, ती आलीये म्हणून. खांदा दिला आणि मान वळवून चालायला लागलो.

आता तुम्ही विचारलंच आहे तर — नाही विचारलंत? मग मी बोलतोय कशाला इतका वेळ? असो. तो भिंतीवरचा नकाशा बघा. माझ्या हातचा आहे. योजना आली तेव्हा वस्त्या दाखवायच्या होत्या, घर तिथे ठिपका, आणि नकाशावर ठिपका तो यादीत. साधी रीत. गावाचे ठिपके काढले, वरच्या आळीचे काढले, आणि ओढ्याशी आलो. ओढा ओलांडला की पहिलं घर तिचं. पेन्सिल हातात तशीच. मनात म्हटलं, हे नाही काढायचं. एवढं एकच. पण दहा काढली आणि एक सोडलं तर कुणीतरी विचारणार ना, हे का राहिलं? मग काय सांगणार होतो? म्हणून — म्हणून मग सगळीकडेच हिरवा रंग भरला. वर लिहिलं, 'वस्ती नाही.' अक्षर सुबक आलंय बघा. ती माणसं तेव्हा कोळशाच्या हंगामाला डोंगरात गेलेली, तेवढ्यात गावसभा उरकली. हरकत कुणाची आहे का? नाही. असणार कशी? एक घर पुसायला गेलो, मॅडम, आणि अकरा पुसली. पुढे ते अध्यक्षांच्या पथ्यावर पडलं ही गोष्ट वेगळी, खाणारी तोंडं कमी झाली. पण पेन्सिल अध्यक्षांच्या हातात नव्हती. तिला दोन मुली आहेत म्हणे. थोरली उंच आहे, कुणावर गेली कोण जाणे असं लोक हसत म्हणतात, माझ्यासमोर म्हणतात. लाज वाटते मला. म्हणजे आत्ता बोलताना वाटली. एरवी सवय झाली होती.

कुठे निघालात? मॅडम, सही राहिली — अहो, तिला नका, मी सांगितलं ना, तिला नका — झालं, बोलावलंत. ये. ये आत. ती काठी ठेव बाहेर. नको म्हणताय? बरं, आण. चौकट सांभा— तुला काय चौकटीचं.

मी कशाला उभा राहू? मी काय झाड आहे? बरं, बरं, राहतो. भिंतीला पाठ. ही घ्या, लावली. टेप कशी धरायचो ते दाखवू? अशी. इथे, छातीशी, इथेच धरायचो. आता हिला काय सांगताय? माझ्या पायाशी टेकवायची काठी? टेकव. अंगठ्यावर नको टेकवूस, जमिनीवर टेकव. माझ्या तोंडाकडे काय बघतेस, टोकाकडे बघ, लाल टोक आहे ना, ते कुठे येतं ते बघ. मला दिसतंय इथून, मला वरून सगळं दिसतं, पण मी नाही सांगणार. तू सांग. बोल ना. अठरा वर्षं तोंड शिवून — नाही, माझंच शिवलेलं होतं. माहितीये मला. बोल पण आता.

काय? काय म्हणालीस? परत म्हण.

'वाकू नकोस, दादा.'

वाकलोय? मी? ... हो. गुडघ्यात वाकलोय. बघा की, मॅडम, कळलंसुद्धा नाही मला. आपोआप वाकलो. थांब. काढ काठी, परत लाव. हा बघ, राहिलो ताठ. डोकं लागलं वाशाला, लागू दे. लाव आता.

किती आलं? लाल टोकापासून टेप वीतभर वर. तेवढंच यायचं होतं. त्या झाडावर आहे तेवढंच.

लिहा, मॅडम. नाही, त्या कागदावर नको, तो इकडे द्या, तो माझा आहे, मीच फाडतो. कोऱ्यावर लिहा. पहिली मोजणी लेखनिकाने काठीविना केली. दुसरी बरोबर आहे. लेखनिकाचं पद लिहा, हवं तर बांबू लिहा, गावाला तेच कळेल. अध्यक्षांना दुपारपर्यंत पोटदुखी आहे, तेवढा वेळ पुरेल. पेन्सिल? माझ्याकडे आहे. हा नकाशा खाली काढायला हवा, इकडचं टोक धर गं, हात पोचतो का तुझा? — नाही पोचत, राहू दे, मी काढतो. हिरवा रंग खोडून निघायचा नाही, वरूनच काढावं लागेल. ओढ्यापलीकडचा पहिला ठिपका मला माहीत आहे. बाकीच्या दहा घरांची नावं तू सांग. मला एकाचंही येत नाही.

तुम्ही निघा आता, मॅडम. आम्हाला काम आहे.